तीन सोंगट्या आणि गाडीची चावी

बाळारामशेठ भित्रे होते असं मी म्हटलं, तर पनवेलमधले जुने लोक मला वेड्यात काढतील. सहा फुटी देह, मानेवर वळ्या, गळ्यात बोटाएवढी जाड चेन आणि मिशा अशा, की समोरचा माणूस काही बोलायच्या आधीच "हो शेठ" म्हणून मोकळा व्हायचा. त्यातून बारचे मालक. अशा माणसाला भित्रा कोण म्हणेल? मी म्हणते. कारण मी स्वतः एक नंबरची भित्री, आणि आपल्या जातीचं माणूस मला लांबूनसुद्धा ओळखू येतं.

गेल्या वर्षी उरणला मुलीच्या घरी ते झोपेतच गेले. बातमी कळली तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "बरं झालं बाई, अंथरुणात गेले." शेजारीण माझ्याकडे बघतच राहिली. तिला काय सांगणार? ज्या माणसाने उभा जन्म रस्त्याला भिऊन काढला, त्याला शेवटी रस्त्याने नेलं नाही, याचा मला अगदी खरा आनंद झाला होता.

तशी त्यांना भीती कशाची वाटत नव्हती ते विचारा. पाल, वीज, इंजेक्शन, लिफ्ट, खाकी कपड्यातला माणूस, मग तो साधा पोस्टमन का असेना. पण सगळ्यात मोठी भीती चाकांची. गव्हाणला त्यांची शेती होती, ती प्रकल्पात गेली. गावातल्या सगळ्यांनी त्या पैशातून गाड्या घेतल्या, पोरांनी जीपगाड्या उडवल्या. शेठनी पनवेलला एक लांबलचक गाळा घेतला आणि त्याच्याच मागे दोन खोल्या, म्हणजे धंद्यावर जायला रस्ताच ओलांडायला नको. एकदा कशासाठी तरी हायवे ओलांडायची वेळ आली तर यांनी शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीचं कोपर धरलं, डोळे गच्च मिटले आणि "चला चला" म्हणत पलीकडे गेले. मुलगी गुणाची. तिला वाटलं काकांना दिसत नाही. पलीकडे पोचल्यावर तिने विचारलं, काका, कुठे जायचंय, सोडू का? आता डोळे उघडायचे म्हणजे लाज. शेठ बिचारे ती दिसेनाशी होईपर्यंत आंधळेच राहिले. हा किस्सा ते स्वतःच सांगायचे आणि सांगताना पोट धरून हसायचे.

रस्त्याचं एवढं भय का, हे कुणालाच माहीत नव्हतं. उरणच्या रस्त्यावर ट्रक धावायला लागले तेव्हा लहानपणी त्यांनी काहीतरी पाहिलं होतं, इतकंच त्यांचे जुने दोस्त रशीदचाचा सांगायचे. काय पाहिलं ते चाचांनाही माहीत नव्हतं. मीही कधी विचारलं नाही.

गाळ्याच्या पाटीवर देवीचं नाव होतं, पण सगळं पनवेल त्याला क्लबच म्हणायचं. सुरुवातीला तिथे फक्त दोन कॅरम बोर्ड होते आणि शेठच्या बायकोच्या, मंजुळाबाईंच्या हातचा चहा. पुढे बुद्धिबळाचे पट आले, बिनपैशाची रमी आली, भिंतीला पंखे लागले. मग शेठनी परमिट रूमचं लायसन काढलं. मंजुळाबाई म्हणाल्या, दारू ठेवा, पण माझ्या कॅरमवर ग्लास दिसला तर मी माहेरी जाईन. म्हणून मधे मण्यांचा पडदा आला. पडद्याच्या अलीकडे चहा आणि खेळ, पलीकडे टेबलं आणि ग्लास. रशीदचाचा अलीकडचे. ते आमच्या पनवेलच्या मोहल्ल्यातले, आखातात उमर घालवून परत आलेले, आयुष्यात दारूला न शिवलेले. रोज दुपारची नमाज झाली की ते क्लबात यायचे, पांढऱ्याशुभ्र रुमालाने बोर्ड पुसायचे आणि पडद्याच्या पलीकडे कधीही पाऊल टाकायचे नाहीत. खेळात भांडण झालं की निवाडा चाचांचा. त्यांनी फाऊल म्हटलं की फाऊल. आमदार आला तरी त्यात बदल नाही.

मंजुळाबाई गेल्या आणि शेठची भीती दसपट झाली. घरात काळजी करायला कुणी उरलं नाही म्हणून म्हणा, त्यांनी गिऱ्हाइकांची काळजी करायला सुरुवात केली. माणूस पडद्याच्या पलीकडे पितो आणि मग बाईकवर बसून कंटेनरच्या ट्रेलरांमधून घरी जातो, हे आठवलं की ते गल्ला सोडून दारात जाऊन उभे राहायचे. धंदा दारूचा आणि मालकाला धडकी, अशी सगळी तऱ्हा. त्यातून त्यांनी तो नियम काढला.

नियम असा. पडद्याच्या पलीकडे जायचं तर गाडीची चावी आधी गल्ल्यावर द्यायची. भिंतीवर खिळ्यांची रांग होती, तिथे ती लटकायची. जाताना ती हवी असेल तर पडद्याच्या अलीकडे यायचं. रशीदचाचा बोर्डावर तीन काळ्या सोंगट्या मांडायचे. तीन फटके मिळायचे. तिन्ही घेतल्या तर चावी, एक जरी राहिली तर रिक्षा. शेठचं म्हणणं, दारू प्यायलेला माणूस तोंडाने सरळ बोलू शकतो, सरळ चालूही शकतो, बायकोला फसवू शकतो. "पन हात खोटं बोलत नाय," ते म्हणायचे. आणि गंमत सांगते, लोकांनी हा नियम मानला. पोलिसाला फसवणारी माणसं तीन सोंगट्यांपुढे निमूट रिक्षात बसायची. क्लबात खेळाला एवढी इज्जत होती, की हरलेला माणूस हुज्जत घालेना.

आम्ही डोंबिवलीहून पनवेलजवळच्या कोनला राहायला आलो तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नवीन टॉवर, तिसरा मजला, गॅलरीतून हायवे दिसायचा. सतीश, म्हणजे माझा नवरा, उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात होता. येताना वाटेत पनवेल. एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला आणि एक घोगरा आवाज म्हणाला, "वहिनी, मी बालाराम बोलतो, क्लबातना. साहेब निगाले." कोण बालाराम, कसला क्लब, साहेब कुठून निघाले? मला वाटलं, आता हा खंडणी मागतोय की काय. मी त्यांना फैलावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, पोचले की एवढं एक सांगा, आणि फोन ठेवला. अर्ध्या तासाने सतीश दारात. मग माझा मोर्चा त्याच्याकडे वळला आणि क्लब, पडदा, बिअर, सोंगट्या, गल्ल्यावर लिहून दिलेला माझा नंबर, सगळं बाहेर आलं.

पनवेलात आणि आसपास अशा किती वहिन्या होत्या देव जाणे. आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो, पण तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. माणूस निघाला की शेठचा फोन. माणूस दारात आला की आपण उलट फोन करून "पोचले" म्हणायचं. ते "बरा झाला" म्हणायचे. यापलीकडे कधी अवाक्षर नाही. त्या दोन फोनांच्या मधला वेळ मी कसा काढायचे ते माझं मला माहीत. गॅलरीत उभं राहायचं नाही असं ठरवायचं आणि गॅलरीतच उभं राहायचं. ट्रेलरचा ब्रेक करकचला की मी कठडा घट्ट धरायचे. आणि तेव्हा एक गोष्ट मनाला आधार द्यायची, की तिकडे गल्ल्यावर अजून एक माणूस असाच जीव मुठीत धरून बसलाय.

एका रविवारी सकाळी बाजारात गेले होते तेव्हा धीर करून क्लबात डोकावले. शेठ असे गडबडले की जणू मीच खाकी कपड्यात आले. खुर्ची पुसली, चहा मागवला, चाचांना हाक मारली. चाचा म्हणाले, भाभी आल्यात तर एक डाव होऊन जाऊ दे. त्यांनी माझ्यापुढे त्याच तीन सोंगट्या मांडल्या. मी एकही घेऊ शकले नाही. शेठ म्हणाले, वहिनी, तुमाला काय चावी मिलनार नाय. मी म्हटलं, शेठ, मी सकाळपासून चहाशिवाय काही प्यायले नाही, तरी नापास. मग तुमच्या परीक्षेला अर्थ काय? ते हसले. नापास झालेला बरा, म्हणाले, रिक्षातना जातो, जित्ता रहातो. आम्ही सगळेच हसलो. नापासाचं ठीक होतं हो. पास होणाऱ्याचं काय, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही, त्यांच्याही नाही, आणि दिवसभर बोर्डाशी बसणाऱ्या चाचांच्याही नाही.

कारण सतीश साधा खेळणारा नव्हता. कॉलेजात असल्यापासून कॅरम, पुढे ऑफिसांच्या सामन्यांत दरवर्षी कप. त्याचा हात बोर्डावर पडला की सोंगटीने कोपऱ्यात जायचं, एवढंच तिला माहीत. क्लबात लोक आपला डाव सोडून त्याचा खेळ बघायला उभे राहायचे.

त्या शुक्रवारी शेठचा फोन आला तेव्हा ते खुशीत होते. म्हणाले, "वहिनी, साहेब निगाले. तिन्ही घेतल्या, वरून रानी पन घेतली. काय चिंता नाय." मी भात लावला. भात झाला. आमटी झाली. सतीश आला नाही. मी गॅलरीत गेले, आत आले, परत गेले. सतीशचा फोन लागत होता पण कुणी उचलत नव्हतं. मग शेठचाच फोन आला. पोचले का? मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, रशीदभाय स्कूटर घेऊन गेलाय बघायला. फोन ना त्यांनी ठेवला ना मी. मागे सोंगट्यांचा आवाज येत होता, तो हळूहळू थांबला. सगळा क्लब खेळ सोडून बसला असावा. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि त्यांना माझा. मधेच ते "वहिनी?" म्हणायचे, मी "हं" म्हणायचे. बस्स. त्याआधी आणि त्यानंतर मला इतकी भीती कधी वाटली नाही. खोटं कशाला सांगू, मनात मी पांढऱ्या कपाळाची होऊन बसले होते.

चाचांना तो कोनफाट्याच्या अलीकडे सापडला. कडेला एक ट्रेलर उभा होता, मागचा दिवा नसलेला. सतीश सरळ त्याच्यावर गेला होता. गळपट्टीचं हाड मोडलं, हनुवटी फाटली, दोन दात गेले. जीव वाचला, तो हेल्मेटमुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ दवाखान्याच्या फाटकाशी आले. चाचांचा दंड धरून पायी आले होते. आत यायची हिंमत होईना, फिनेलच्या वासानेच त्यांना घाम फुटला. चाचांनी वर येऊन सांगितलं, भाभी, तो खाली खडा आहे, येत नाही, जातही नाही. मी उतरले. आणि मग तोंडाला येईल ते बोलले. दारू तुम्ही पाजायची, चावी तुम्ही द्यायची आणि वर आम्हाला फोन करून धीर द्यायचा, हा कुठला न्याय, हे एवढं आठवतं. बाकीचं बरंच होतं. बोलले ते बोलले, मला त्याचं काही वाटत नाही. शेठ मान खाली घालून ऐकत होते. मी थकले तेव्हा म्हणाले, "वहिनी, चूक माजी हाय. साहेबांचा हात असा हाय, झोपेत बसवला तरी तिन्ही घेल. डोकं झोपलं तरी हात जागा. मना हे आदीच कलायला पायजे होतं."

अगदी खरं होतं ते. जगात एकाच माणसावर ती परीक्षा चालणार नव्हती आणि तो माणूस माझ्या घरात होता.

पावसाळा सरला, सतीशचा खांदा बरा झाला, बाईक दुरुस्त होऊन आली. बोर्डाशिवाय तो राहणार नाही हे मला माहीत होतं. तो म्हणाला, फक्त खेळणार, चहा पिणार. काही दिवस खरंच चहा होता. मग एका संध्याकाळी तो दारात आला आणि माझ्या नाकाला कळलं. माझी तर पाचावर धारण बसली. भांडण झालं, रडारड झाली. तो म्हणाला, एकदा झालं म्हणजे काय रोज होतं? तू उगाच घाबरतेस, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. त्याच्या मते चूक त्या ट्रेलरची होती. मी शेठना फोन केला. ते म्हणाले, वहिनी, आजपासना साहेबांना चावी नाय, तिन्ही घेतल्या तरी नाय.

पुढच्या शनिवारी काय झालं ते मला नंतर चाचांनी सांगितलं. सतीशची अर्धी सुट्टी होती. तो दुपारीच क्लबात गेला, पडद्यापलीकडे बसला, मग अलीकडे आला आणि चावी मागितली. शेठ म्हणाले, नाही. सतीशने स्वतःच सोंगट्या मांडल्या आणि एकामागून एक तिन्ही घेतल्या. मग सगळ्यांसमोर म्हणाला, शेठ, नियम तुमचा, मी पाळला, आता तुम्ही पाळा. क्लबातल्या लोकांचंही तेच मत होतं, फक्त बोलवत नव्हतं. सगळे चाचांकडे बघायला लागले. हे सांगताना चाचा मला म्हणाले, भाभी, मी काय करणार, निवाडा मागितला तर निवाडा द्यावा लागतो. शेवटी मी बोललो, बाळाराम, कायदा तो कायदा. तिन्ही गेल्यात.

शेठनी चावी काढून दिली. ठरलेला नियम मोडला असता तर पुढे कुणी त्याला हिंग लावून विचारलं नसतं. मग ते गल्ल्यावरून उठले, चपला घातल्या आणि सतीशच्या मागोमाग बाहेर आले. सतीशने गाडी चालू केली, तर हे मागच्या सीटवर बसले. सतीश म्हणाला, शेठ, हे काय? ते म्हणाले, चला. चाचा सांगत होते, सगळा क्लब दारात येऊन उभा राहिला. लहानपणापासून हा माणूस दोन चाकांवर बसलेला कुणी पाहिला नव्हता.

मला फक्त फोन आला. "वहिनी, आज आमी दोगं निगालो." आणि बंद. मला अर्थबोध होईना. पण आवाज ऐकला आणि मी लिफ्टची वाट न बघता जिने उतरून फाटकाशी जाऊन उभी राहिले. उजेड मावळत होता, ट्रेलरांचे दिवे नुकते लागत होते. दोघं म्हणजे कोण दोघं? माझ्या डोक्यात नाही नाही ते येत होतं.

मग बाईक दिसली. इतकी हळू, की सायकलवाला पुढे गेला असता. सतीशचा चेहरा पांढराफटक. मागे शेठ, त्याच्या पोटाभोवती दोन्ही हातांची मिठी, डोळे गच्च मिटलेले, ओठ देवीचं नाव घेत हलत होते. गाडी थांबली तरी ते उतरेनात. सतीश म्हणाला, शेठ, आलो. तरी डोळे उघडेनात. मी जवळ जाऊन त्यांच्या हातांना हात लावला, बर्फ झाले होते. एकेक बोट सोडवावं लागलं. खाली उतरले आणि फाटकाच्या कट्ट्यावर मटकन बसले. सदरा घामाने पिळून काढण्यासारखा. मी पाणी आणलं. अर्धं अंगावर सांडलं, अर्धं प्यायले.

मग सतीशकडे बघून म्हणाले, "गाडी चांगली चालवलीत साहेब. खोटं नाय बोलनार. पन मना डोले उघडताच आले नाय. वाटेत मना समजलं, वहिनींचं हे रोजचं हाय."

सवयीने सतीशच्या तोंडून निघालं, चला, मी तुम्हाला सोडतो. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. मी रिक्षा बोलावते म्हटलं तर शेठ उठून उभे राहिले. आज परत चाकावर बसनार नाय, चालतच जातो, म्हणाले. कोनहून पनवेल चालत म्हणजे काय थट्टा आहे? मी वर या म्हटलं, जेवून जा म्हटलं. ते ऐकेनात. पोचल्यावर फोन करा, एवढं मी म्हटलं. आजपर्यंत हे वाक्य मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि निघाले.

त्यानंतर शेठ मला पुन्हा दिसले नाहीत. काही महिन्यांनी त्यांनी लायसन सोडलं, मुलगी येऊन त्यांना उरणला घेऊन गेली. गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकतात. रशीदचाचा अधूनमधून भेटतात, सतीशला घरी बोलावून त्यांच्या अंगणात डाव मांडतात, चहावर.

पण मला सांगायची आहे ती तीच संध्याकाळ. मी वर येऊन गॅलरीत गेले. हायवेच्या कडेने शेठ चालले होते. मागून ट्रेलर आला की ते थांबायचे, शेताकडे तोंड करून उभे राहायचे आणि तो गेल्यावर पुन्हा चालायला लागायचे. असं पुन्हा पुन्हा. पुलाच्या वळणाशी ते दिसेनासे झाले. सतीश केव्हा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला ते मला कळलं नाही. म्हणाला, पनवेलला चालत किती वेळ लागतो गं? मी म्हटलं, मला काय माहीत. तो आत गेला, घड्याळ बघून आला. पूल ओलांडला असेल ना आता? मी म्हटलं, असेल. पुलावर फुटपाथ नाहीये, तो म्हणाला, आणि तिथे दिवेही नाहीत. मग पुन्हा आत गेला, फोन चार्जिंगवरून काढून हातात घेऊन आला. कुठेतरी ब्रेक करकचला तशी त्याने गॅलरीचा कठडा घट्ट धरला.

मी पानं वाढली आणि त्याला हाक मारली. तो गॅलरीतून हलला नाही.

"तू जेवून घे," तो म्हणाला. "शेठचा फोन येऊ दे."